मोर वरडला आन मी लेकरं घेऊन पळाले

मांजरसुंब्याच्या पुढं, पाटोद्याच्या अंगाला, नायगावचं मोराचं जंगल हाय. लेकरं घेऊन तिथं जावं का, असं आमच्या गटातल्या बाया इचारायल्यात, म्हणून लिवते. नीट सांगता येईन का न्हाई, ठावं न्हाई. जाऊन आले तरी माझं मलाच कळंना झालंय.

जायचं ठरवलं ते आमच्या ह्यांनी. आमी दोघं दरसाली ऊसतोडीला जातो आन आमची लेक गौरी संगं असती. आता ती पहिलीत गेली. सासू म्हणती, ह्या साली तिला माझ्यापाशी ठेवा, शाळा बुडती. हे बी तेच म्हणतेत. मीच न्हाई म्हणत होते. पोरगी डोळ्याआड झाली की मी हातातलं काम टाकून तिला हुडकायला निघते. मग हे म्हणले, "एक दिवस जंगलात जाऊ. तिथं तिला मोकळी सोड. तुला किती दम निघतो ते बघू, मग ठरवू." हे फिरायला नेतेत का माझी परीक्षा घेतेत, मला तवाच कळलं न्हाई.

सकाळी धपाटे आन शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आन गाडीवर निघालो. आमचं गाव धारूरकडं. केजवरून मांजरसुंब्याला आलो. तिथं चहा-भजी खा, आन बायांनी संडासला तिथंच जाऊन घ्या, पुढं मला कुठं दिसला न्हाई. पेट्रोल बी तिथंच टाका.

हाटेलवाल्यानं इचारलं, "कुणीकडं पाव्हणं?"

"मोर बघायला," हे म्हणले.

"तुमच्याकडं मोर न्हाईत का?"

"हायेत की. रोज आमच्या शेंगा खातेत."

"मग आमच्याकडले काय वेगळं खातेत?" म्हणला आन हसत गौरीच्या हातावर दोन भजी जास्तीची ठेवली. मला बी तेच वाटत होतं, पर आता निघालो होतो.

आत वळल्यावर रस्ता बारीक होतो, गाडी हळू घ्या. सगळीकडं हिरवेगार डोंगर, वारं लई. फाटकापाशी एक गार्ड होता. आमच्याकडं तिकीट मागितलं न्हाई, तरी तुमी जाताना इचारून घ्या. मी त्याला म्हणले, "दादा, हितं करायचं काय असतं?"

"काही न्हाई ताई. फिरा, बसा, डबा खा. कचरा संगं न्या."

काम नसताना रानात जायचं, हे मला जमंना. हात कुठं ठेवावं कळंना. चालता चालता वाळल्या काटक्या कधी गोळा केल्या ते बी कळलं न्हाई. हे मागं वळून म्हणले, "आगं, फिरायला आलीस का चूल पेटवायला?" गार्ड म्हणला, हितली काडी उचलायची न्हाई, मोराचं पीस सुदिक न्हाई. मी जिथल्या तिथं टाकल्या. पीस उचलू नका बायांनो, लेकरांना आधीच सांगून ठेवा.

पहिला मोर दिसला तर गौरी म्हणली, "ही तर लांडोर हाय." गार्ड म्हणला, मोरच हाय, ह्या दिवसांत पिसारा गळून जातो, नाचताना बघायचा तर जून-जुलैत या. एवढ्या लांब येऊन बिनपिसाऱ्याचा मोर बघितला.

झाडाखाली बीडची एक बाई बसली होती, नवरा आन दोन पोरं. पोरं नुसती उधळली होती. मी गौरीचा हात धरून बसले.

"सोडा की ताई तिला," ती बाई म्हणली. "हात घामेजला असंल पोरीचा."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हात सोडला. गौरी गेली त्या पोरांत. मी धपाटा हातात धरून बसले, घास तोंडात जाईना.

आन मोर वरडला. एक, मग दुसरा, मग डोंगराच्या अंगानं सगळेच.

आता हे तुमाला सांगावं लागंन. मागच्या साली ऊसाच्या फडात असंच मोर वरडले आन थोड्या वेळानं बाजूच्या कोपीपुढं बांधलेली शेळी बिबट्यानं नेली. तवापासून आमच्या टोळीत ठरलंय, मोर वरडला की लेकरं उचलायची आन कोपीत, वाळल्या पाचटाच्या झोपडीत, शिरायचं.

मी उठायच्या आधीच गौरी येताना दिसली. त्या बाईच्या बारक्याला हाताला धरून फरफटत आणायली होती आन वरडायली होती, "आई ऊठ, चल." मी एकीला काखेत मारलं, एकाला बखोटीला धरलं आन फाटकाकडं पळाले. मागून ती बाई, "आवो, माझं पोरगं कुठं नेताय?"

फाटकापाशी गार्डनं आडवलं. "काय झालं ताई?"

"मोर वरडला."

"मोर वरडणारच ना. लोकं त्याचंच तर ऐकायला येतेत."

"बिबट्या हाय का हितं?"

"तसा न्हाई," म्हणला. "आला तरी दिवसाचा येत न्हाई." ह्याचा काय अर्थ घ्यायचा ते तुमीच सांगा. ती बाई धापा टाकत आली, पोरगं घेतलं. मी तिला फडातलं सांगितलं. नंतर तिनंच आमाला चिवडा दिला.

येताना हे खुश. म्हणले, "बघितलंस का? परक्याचं लेकरू बी संगं घेऊन आली. एवढी हुशार पोरगी गावात आरामात राहती."

मला वाटलं, एवढी हुशार हाय तर फडात बी राहती की. एकाच गोष्टीवरून त्यांचं एक झालं आन माझं एक.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना मी तिलाच इचारलं, "आजीपाशी राहतीस का गं?"

"राहिले असते."

"मग?"

"तू ऊस तोडताना खाली बघतीस. पाचटाचा आवाज असतो, तुला मोर ऐकू येत न्हाई. मीच सांगत असते ना तुला."

मी तिला फडाच्या कडंला बसवत होते ते माझ्या नजरंसमोर राहावी म्हणून. आन ती तिथं दिवसभर कान लावून बसत होती. उठले, सासूकडं गेले आन म्हणले, "आत्या, ह्या साली ठेवा तिला."

नायगावला जावा. लेकरांना पळायला जागा हाय, खर्च लई न्हाई, डबा घरचा न्या. बाकी मी बरोबर केलं का चूक, ते आजून कळंना. रात झाली की वाटतं, संगंच न्यावं. सकाळी वाटतं, नगं. गौरी माझ्यावर रुसलीय. काल बापाला इचारायली होती, फडात आईच्या बाजूला कोण कोण बाया असतेत, आन त्यातलं कुणाला लांबचं चांगलं ऐकू येतं.