पाणबुड्याचं घड्याळ

त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला आणि बँकेला ठाऊक. बाकी सगळ्या वस्तीत तो वायसर. नळ गळो, टाकी वाहो, बेसिन तुंबो, वाकून पाहिल्यावर त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघायचं ते हेच: "वायसर गेलाय." कधी कधी अख्खा पाइप उभा चिरलेला असायचा, तरी सुरुवात वायसरपासून. तीस वर्षं प्लंबरचं काम करून त्याच्या बोटांची टोकं मनुकांसारखी झाली होती, आणि गुडघे बसताना एक, उठताना दुसरा, असे वेगवेगळे आवाज काढायचे. पण माणूस हसरा. दुसऱ्याच्या मोरीत अर्धा शिरूनही गाणं गुणगुणणारा.

त्याच्या गिऱ्हाइकांत एक म्हातारी होती. तिचा नवरा पाणबुड्या. बंदरात उभ्या जहाजांच्या बुडाशी जाऊन दुरुस्त्या करायचा. तो जाऊन बारा वर्षं झाली होती, पण बाईला लोक अजून पाणबुडीणबाईच म्हणत. वायसर तिला मावशी म्हणायचा. ती त्याला अरेतुरे करायची आणि काम चालू असताना डोक्याशी स्टूल टाकून बसायची.

एकदा तिच्या स्वयंपाकघरातला नळ बदलून झाल्यावर तिने त्याच्यापुढे एक डबी ठेवली. आत स्टीलचं जाडजूड घड्याळ होतं. गडद निळी तबकडी आणि भोवती कट कट वाजत फिरणारं कडं. वायसरने आजवर असलं घड्याळ फक्त चकचकीत दुकानाच्या काचेतून पाहिलं होतं, आणि तेही काचेपासून चार पावलं लांब उभं राहून.

"घाल," म्हातारी म्हणाली.

"माझ्या हातात? मावशी, नळाचे पैसे दिलेत तुम्ही."

"नळाचं नाही हे. यांना कंपनीने दिलं होतं. पंचवीस वर्षं समुद्रात होतं. हे गेल्यापासून कपाटात आहे, आणि हाताच्या हालचालीवर चालणारं आहे, म्हणून मेल्यासारखं पडलंय. माझ्या दोन्ही लेकांचे हात दिवसभर टेबलावर. मी त्यांना विचारलं, ते म्हणाले, आई, लॉकरमध्ये ठेव, किंमत वाढेल." तिने नाक मुरडलं. "मला वाढलेली किंमत नकोय. मला ओला हात हवाय. तुझ्याइतका ओला हात माझ्या ओळखीत दुसरा नाही."

वायसरने तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा म्हणायच्या आत तिने त्याचं मनगट धरून खटका लावूनसुद्धा टाकला. दोन पावलं चालला तसा सेकंदकाटा हलला. म्हातारी टाळ्या पिटत म्हणाली, "बघ! तुला ओळखलं त्याने."

घरी मात्र वेगळाच सूर लागला. वायसरची बायको म्हणजे हिशेबी, शिस्तीची बाई. शिवणाचं मशीन बंद करून तिने घड्याळ उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे घालून तुम्ही मोऱ्या उपसणार? लोक म्हणतील, एक तर चोरलंय, नाहीतर आपल्याला लुबाडून घेतलंय."

"मावशीला शब्द दिलाय. ओलं ठेवायचं म्हणून."

"मग कपाटात ठेवून आठवड्याला पाणी शिंपडा."

शेवटी दोघांनी मधला मार्ग काढला. घड्याळ हातात, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीला दोन्हीकडून रबरबँड. पंधरा दिवस वायसर असा फिरला. गिऱ्हाइकं विचारायची, "हाताला लागलं का रे?" तो म्हणायचा, "लागलंय, पण चांगलं लागलंय."

म्हातारीच्या गच्चीवरची टाकी साफ करायला गेला तेव्हा तिने ती पिशवी पाहिली आणि तिचा आवाज जिन्यात घुमला. "अरे, माशाला रेनकोट घातलास? शोभतं का हे?"

वायसर ओशाळला, पण हार मानली नाही. "मावशी, बारा वर्षं बंद होतं ते. बारा वर्षं बंद असलेल्या नळावर मी भरवसा ठेवत नाही. आतलं रबर वाळलं असणार."

म्हातारीने पिशवीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरोबर बोललास. दाखवून आण. पैसे मी देणार, तो खर्च माझा."

घड्याळं दुरुस्त करणारा एका अरुंद गाळ्यात बसायचा. डोळ्यात भिंग, पुढ्यात पांढरा कागद. त्याने मागचं झाकण उघडलं आणि चिमट्यात केसाएवढं बारीक, काळं, तडकलेलं रबराचं कडं धरून दाखवलं.

"हे गेलंय."

वायसरचा चेहरा उजळला. "म्हणजे वायसरच की!"

"वायसरच. मागे एक, काचेखाली एक, आणि बाजूच्या चावीत दोन. पाण्यात घातलं नाहीत हे नशीब. पिशवी कुणाची कल्पना?"

"बायकोची," वायसर अभिमानाने म्हणाला.

मग दोन कारागिरांचं असं जमलं की गाळ्यातला चहा दोनदा आला. घड्याळवाल्याने तबकडीवर लिहिलेला आकडा दाखवला: दोनशे मीटर. "हा खोलीचा आकडा नाही, दाबाचा आहे. लोक तीस मीटर वाचून पोहायला जातात आणि रडत माझ्याकडे येतात. तीस म्हणजे फार तर हात धुवा. पाणी हलतं, हात आपटतो, दाब वाढतो."

"कळलं. पाचव्या मजल्यावर टाकी असली की तळमजल्याचा नळ अंगावर येतो, तसं."

"अगदी तसंच! हे तुमचं आहे दमदार. पण ऐका. ही चावी पिळून घट्ट बसली की मगच पाणी. पाण्यात असताना तिला हात लावायचा नाही. गरम पाण्याने आंघोळ, वाफ, साबण यांच्यापासून लांब, रबर मरतं. भिंतीला ड्रिल मारताना काढून खिशात. क्लोरीनचं किंवा खारं पाणी लागलं तर साध्या पाण्याने धुवायचं. आणि वर्षाला एकदा माझ्याकडे दाब तपासून न्यायचा."

"एवढं तर मी माझ्या तब्येतीचंही करत नाही."

"म्हणून घड्याळ तुमच्यापेक्षा जास्त जगेल," घड्याळवाला म्हणाला आणि दोघंही खोखो हसले.

आठवड्याने घड्याळ परत आलं आणि वायसर सुटलाच. बेसिनखाली घड्याळ, टाकीत घड्याळ, बागेच्या नळावर घड्याळ. सायकल धुताना, भांडी विसळताना, शेजारच्यांच्या कुत्र्याला पाइपने आंघोळ घालताना. ड्रिल काढलं की घड्याळ खिशात, ड्रिल ठेवलं की घड्याळ हातात. स्टीलवर दोन ओरखडे आले तेव्हा त्याचा जीव कासावीस झाला, पण म्हातारी म्हणाली, "यांनी पाडलेले अकरा मोजलेत मी. तुझे दोन. कामाचा माणूस दिसतोस."

दर रविवारी तो तिला कुठेकुठे भिजवलं त्याचा वृत्तांत द्यायचा. असाच एकदा तिने सहज विचारलं, "आणि घड्याळाला पोहायला कधी नेतोस?"

वायसरने पान्याशी खेळत खाली पाहिलं. "मला येत नाही पोहता."

"काय?"

"कमरेपर्यंतचं पाणी माझं, मावशी. त्याच्या वरचं देवाचं."

म्हातारी हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला आणि वायसरला उठून तिच्याच नव्या नळाचं पाणी तिला द्यावं लागलं. ती काही टोचून बोलली नाही, पोहायला शीक असंही म्हणाली नाही. पण ते हसू त्याच्या पाठोपाठ घरी आलं आणि जेवतानाही समोर बसलं. दुसऱ्या दिवशी त्याने जलतरण तलावावर सकाळच्या सातच्या वर्गात नाव घातलं. मोठ्यांचा वर्ग होता: एक पोस्टमन, दोन निवृत्त शिक्षिका, एक बेकरीवाला आणि चोपन्न वर्षांचा वायसर.

"मी पण येते," बायको म्हणाली.

"शिकायला?"

"लक्ष ठेवायला. तुम्ही बुडालात तर कोच काढेल. घड्याळ बुडालं तर कोण काढणार?"

ती कडेच्या बाकावर सलवार-कुडत्यात, मांडीवर टॉवेल घेऊन बसायची. वायसर नवी चड्डी आणि घट्ट रबरी टोपी घालून यायचा तेव्हा ती टॉवेलमध्ये तोंड लपवायची. शिकवणारी कोच पंचविशीची मुलगी होती, शिट्टी गळ्यात, दयामाया शून्य. "काका, पाण्याशी भांडू नका! पाणी जिंकणार!" वायसर कठडा दोन्ही हातांनी आवळून पाय झाडायचा. चार दिवसांत त्याने तलावातलं निम्मं पाणी बाहेर उडवलं, पण स्वतः वीतभर पुढे सरकला नाही.

पाचव्या दिवशी कोचने सगळ्यांना कठड्याला धरून मध्यापर्यंत सरकायला लावलं. तिथून पुढे तळ उतरता होत बारा फुटांवर जायचा. सकाळी घाईत वायसरने पट्ट्याचा खटका लावला होता, पण त्यावरची दुसरी छोटी पट्टी दाबायची राहिली होती. पाय झाडता झाडता त्याचा हात कठड्यावर आपटला, खटका उघडला, आणि घड्याळ मनगटावरून निसटून पाण्यात गेलं. स्वच्छ पाण्यात ते सगळ्यांना दिसलं. डुलत खाली गेलं, फरशीवर टेकलं, उतारावरून घसरलं आणि बारा फुटांच्या तळाशी जाऊन बसलं.

"घड्याळ! मावशीचं घड्याळ!" वायसर ओरडला. पोस्टमन ओरडला. कोचने शिट्टी फुंकली आणि चपला काढायला वाकली.

तिच्या चपला निघायच्या आत बाकावरचा टॉवेल जमिनीवर पडलेला होता. वायसरची बायको कडेने सरळ चालत खोल बाजूला गेली, ओढणी काढून बाजूला ठेवली, हात जोडून डोक्यावर नेले आणि पाण्यात शिरली. शिंतोडासुद्धा उडाला नाही. सगळे पाहत राहिले. खाली निळ्या पाण्यात तिचा पिवळा कुडता फुलला, तळाशी गेला, वळला. क्षणभराने ती वर आली तेव्हा केस मोकळे झाले होते आणि उंच धरलेल्या हातात घड्याळ चमकत होतं. मग जणू भाजी घेऊन घरी निघाल्यासारखी, एका हाताने पाणी कापत, ती निवांत पोहत वायसरपाशी आली.

तलावावर पहिल्यांदा टाळी वाजवली ती बेकरीवाल्याने. मग एकच गिल्ला झाला.

वायसर कठडा धरून आ वासून बघत होता. "तुला पोहता येतं?"

"चालू आहे," ती घड्याळ कानाशी धरून म्हणाली.

"घड्याळाचं मरू दे! अगं, एकोणतीस वर्षं झाली लग्नाला!"

तिने केसांतलं पाणी निथळलं. "माहेरी घरामागे नदी होती. आम्ही बहिणी दिवसातून दोनदा हा काठ तो काठ करायचो. मी सगळ्यांत पुढे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलून काय करणार? तुमच्या घरात पाणी बादलीत यायचं. बादलीत सूर मारू?"

वायसरला इतकं हसू फुटलं की त्याचा हात कठड्यावरून सुटला. तो पाण्याखाली गेला, नाकातोंडात पाणी घेऊन वर आला आणि तरी हसतच होता. तिने त्याला हनुवटीखाली धरून अलगद पाठीवर झोपवलं. "श्वास घ्या. मान सैल सोडा. मी आहे." आणि चार दिवस शिट्टीला दाद न देणारा वायसर तिच्या तळव्यावर पानासारखा तरंगला. वर छताच्या काचांतून ऊन येत होतं. त्याला वाटलं, आयुष्यभर आपण पाणी नुसतं अडवत आणि वळवत आलो, त्यावर असं पडून कधी पाहिलंच नाही.

रविवारी दोघं मिळून म्हातारीकडे गेली. वायसरने अपराध कबूल केल्यासारखा सगळा प्रकार सांगितला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या बायकोचे हात हातात घेऊन बसली.

"डोळे उघडे ठेवलेस पाण्यात?"

"उघडेच. खाली फार छान दिसत होतं, मावशी. आणि इतकं शांत..."

"हेसुद्धा असंच सांगायचे," म्हातारी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती प्रसन्न हसत होती. मग एकदम वायसरकडे वळली. "तू नळ सांभाळ. घड्याळ एक दिवसाआड हिच्या हातात. पट्ट्यातल्या दोन कड्या काढून घे, म्हणजे बसेल."

"दोन कड्या काढल्या तर मला नाही होणार."

"मग तू बारीक हो!"

घड्याळवाल्याने तोडगा काढला. तिच्यासाठी दुसरा रबरी पट्टा दिला आणि अदलाबदल कशी करायची ते वायसरला शिकवलं. ते काम तो रोज सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, चहा उकळेपर्यंत करायला लागला.

तीन महिन्यांत वायसर तलावाची रुंदी पार करायला शिकला. त्याची चाल कासवाची होती, मधेच गचके खायचा, पण कठडा न धरता जायचा. त्याच सुमारास कोचने त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, सकाळचा बायकांचा वर्ग घ्याल का? बऱ्याच जणींना यायचं असतं, पण शिट्टी ऐकून घाबरतात. ती रात्रभर नाही नाही म्हणत होती. सकाळी वायसर उठला तेव्हा शिवणाच्या मशीनवर तिने स्वतःसाठी पोहण्याचा पोशाख बेतायला घेतलेला होता.

पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या. त्यांतली एक साठीची होती आणि पायरीवरच बसून राहिली होती. वायसर पलीकडच्या कडेला पाय सोडून बसला होता. त्याने पाहिलं, त्याची बायको त्या बाईशेजारी पायरीवर जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला आणि काहीतरी सांगितलं. बाई हसली. मग दोघी मिळून एकेक पायरी उतरत पाण्यात गेल्या.