माझा न बोललेला नकार

निघताना घणसोलीच्या आमच्या घराच्या पायरीवर आईनं माझ्या बॅगेत सुकटीची पुडी कोंबली आणि बाबांनी ती काढली. "विमानात वास येल," ते म्हणाले. दोघं भांडत राहिले, टॅक्सीवाला हॉर्न देत राहिला. आमच्याकडे काहीही ठरायचं ते असंच, आरडाओरडा करून. जो गप्प बसला तो तयार आहे, असं धरून पुढं जायचं.

मी आले अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ते काढलेलं. आता त्या पंथाचं फारसं कुणी नाही, पण रीती उरल्यात. विद्यार्थ्यांच्या मीटिंगमध्ये मतदान होत नाही. सगळे शांत बसतात, ज्याला आतून वाटेल तो बोलतो, आणि एकाचंही मन तयार नसेल तर विषय पुढच्या आठवड्यावर जातो. गप्प बसलेल्या माणसासाठी थांबतात! मला त्याचं केवढं अप्रूप वाटलं.

दुसऱ्या वर्षी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. घर बिल्डरला द्यायचं चाललं होतं. आईला ते नको होतं. पोरगी नको म्हणाली तर द्यायचं नाही, एवढं तिनं बाबांकडून कबूल करून घेतलं होतं.

"बोल पोरी, तुझं काय म्हननं हाय?"

मलाही नकोच होतं. पण घाईनं ओरडण्यापेक्षा नीट विचार करून बोलावं, म्हणून मी गप्प बसले. बाबा जरा थांबले, मग "बरं, जेवत जा नीट" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी समजले, विषय पुढच्या आठवड्यावर गेला. रविवारी मुद्दे लिहून फोन केला तर सही झालेली.

"तू काय बोललीच नाय ना," बाबा म्हणाले. त्यांच्यावर चिडायलाही जागा नव्हती. त्यांनी आमच्या घरच्या रीतीनं माझं ऐकलं होतं.

आता तिथं खड्डा आहे, भोवती पत्रे. आई-बाबा कोपरखैरण्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. आई थंडीचं विचारते, परीक्षेचं विचारते. घराबद्दल एकदाच बोलली, "एवडं शिकलीस, एक नको म्हनता आलं नाय?"

माझ्यासारखे शिकायला बाहेर पडलेले पुष्कळ आहेत. त्यांना कधी असं झालंय का, मला विचारायचंय. कॉलेजात आजही माझ्या एका नकारानं विषय थांबतो. पण जिवाच्या आकांतानं थांबवावं, असं इथं माझं काहीच नाही.