लाल पेन्सिलीची टकटक

रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर आत्या आधी पाय धुवायची, मग पदरानं चष्मा पुसायची आणि टेबलाशी बसून लाल पेन्सिलीला टोक करायची. समोर भाची वही घेऊन उभी. इंग्रजी निबंध मोठ्यानं वाचायचा. मध्येच टेबलावर टक्‌ वाजलं, की समजायचं, एखादा 'अ' नाहीतर 'द' खाल्ला.

"अगं, कुत्रा पाहिलास, पण कुठला? कुणाचा? बिचाऱ्याला असं उघड्यावर सोडू नकोस."

"आपल्या भाषेत नुसता कुत्रा चालतो की!"

"आपलं घरचं आहे. परक्या घरी ओळख सांगूनच आत जावं लागतं."

'इट्स'च्या डोक्यावर भाची हटकून अपॉस्ट्रॉफीचं शेपूट काढायची. आत्या ते खोडायची. "शेपूट कुत्र्याला असू दे. 'त्याचं' म्हणायचं असलं, की अक्षराला नको."

आत्या माल पाठवणाऱ्या एका कंपनीत टायपिस्ट होती. साहेब घाईघाईत पत्र सांगत. गळलेले बारके शब्द ती टाइप करताना गुपचूप जागच्या जागी बसवायची. चोवीस वर्षं. साहेबांच्या निरोप समारंभात जो तो त्यांच्या इंग्रजीचं तोंड भरून कौतुक करत होता. सगळ्यात जोरात टाळ्या आत्यानं वाजवल्या. घरी येऊन एवढंच म्हणाली, "खुर्च्या फार कडक होत्या गं."

पुढे तिची नजर अधू झाली. टोक करायचं काम भाचीकडे आलं. कान मात्र आत्याचेच राहिले.

भाषांतर विभागातल्या जागेसाठी भाचीनं अर्ज लिहिला तेव्हा आत्या आठवडाभर अंथरुणाला खिळलेली होती. पुढच्या वर्षी नोकरीचं वय उलटणार होतं, आणि चुका असलेले अर्ज तिथे पहिल्याच फेरीत बाजूला काढत. चारचं टपाल गाठायचं होतं. भाचीनं पलंगाशी स्टूल ओढलं, पेन्सिल आत्याच्या हातात दिली आणि वाचायला घेतलं.

एक परिच्छेद झाला. दुसरा झाला. पलंगाची लाकडी कड गप्पच.

"आत्या, झोपलीस?"

"झोपते कसली! वाच पुढे."

शेवटची ओळही संपली. पेन्सिल आत्याच्या बोटांत तशीच ताठ उभी होती.

"एकदाही टक्‌ नाही?"

"मग काय, उगीच पलंग बडवू?"

भाचीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. टपाल टाकून ती परतली तेव्हा आत्याला झोप लागली होती. ती झोप मोडलीच नाही.

नोकरी लागली. भाचीच्या टेबलावर आता लाल पेन्सिल असते, टोक केलेली. पाकीट चिकटवताना मात्र दर वेळी तिचा हात क्षणभर थांबतो. त्या दुपारी घाईघाईत ती अर्जाचं पाकीट चिकटवत होती, तेव्हा पलंगावरून नेहमीच्याच आवाजात आत्या म्हणाली होती, "डिंक बेतानं लाव गं, आतला कागद चिकटतो."