देवधानाच्या गाठी

सायत्राबाईवर अन्याय झाला तो भाद्रपदातल्या पहिल्या रविवारी, सकाळी आठ वाजता, निसर्गफेरीला आलेल्या पाहुण्यांदेखत. संरक्षित तलावातून तिला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. म्हणे, पाखरांना फासे लावते.

बाई आमच्या गावच्या ढिवर, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातली. पाण्यात पाऊल टाकण्याआधी काठावरून मोठ्यानं खाकरायची. "दुसऱ्याच्या घरात मुक्यानं घुसतेत काय वो? अंड्यावरची माय दचकते ना!" माझ्या गळ्यात दुर्बीण दिसली की हसायची, "आली पोलिसीण! त्या नळकांड्यातून पायाखालचं दिसते काय तुले?"

नव्हतंच दिसत. एकदा कमळपक्ष्याच्या घरट्यावर पाय देता देता राहिले. तिनं मला मागं ओढलं आणि शेजारच्या देवधानाची, म्हणजे तलावात आपोआप उगवणाऱ्या भाताची, चार ताटं एकत्र करून गाठ मारली. "हे गाठ दिसली का आमचा कोणीच तिथी जाळं टाकत नाई, डोंगा नेत नाई. पिलं पाण्यात उतरली का मंग सोडाची."

हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तलाव संरक्षित झाल्यावर आमच्या पक्षीनिरीक्षक गटाचं पत्रक मीच लिहिलं : 'गवतात गाठी, दोरे, फास दिसल्यास ताबडतोब कळवा.' शिकाऱ्यांचे फास डोक्यात होते. बाईच्या गाठी आठवल्याच नाहीत. त्या रविवारी बाई कंबरभर पाण्यात गाठ मारत होती. पत्रक वाचलेल्या एका पाहुण्यानं इमानदारीनं फोटो काढला, रखवालदाराला दाखवला.

फेरी माझीच होती. मी समजावायला गेले, तर रखवालदार म्हणाला, "पत्रक तुमचंच ना, मॅडम?" मी पाहुण्यांसमोर लाज वाटली म्हणून गप्प झाले, दुसरं कारण नाही.

बाई मात्र जाता जाता ओरडत होती, "मले काढा! गाठी नोका सोडू, बाप्पा!"

दुपारपर्यंत सगळ्या गाठी कापल्या गेल्या. पुढच्या रविवारी पाहुण्यांना जवळून फोटो मिळावेत म्हणून फेरीचा डोंगा थेट देवधानात घातला. परतताना वल्ह्याला फुटक्या अंड्याचं टरफल चिकटलेलं होतं. कुणीतरी त्याचाही फोटो काढला.

बाई आता लेकीकडे कोरपन्याला असते, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचते. तलावाच्या काठावर कुणी खाकरत नाही.

थंडीत तुम्ही दुर्बीण घेऊन याल. या. फाटकावरच्या नोंदवहीत, दिसलेल्या पक्ष्यांच्या नावांआधी लिहा : सायत्राबाईला आत घ्या. सही करा. आणि ती आत येईपर्यंत त्या डोंग्यात बसू नका.