विहिरीतले लेख

आमच्या धार शहरात जुना दगड घेताना कोरीव बाजू बघत नसत, पाठ बघत. पाठ सपाट असली की माल कामाचा. कोरीव बाजू चुन्यात आत जाई. परमारांचे दगड सुलतानांनी असेच उलटे घालून फरशी केली, मोगलाईत तेच तटाला लागले, पवारांच्या राज्यात आमच्या घरांना.

दुष्काळात जवळची तळी आटली. बायको लांबून पाणी आणी. त्या खेपांत तिचे पोटातले मूल गेले. तेव्हाच ठरवले, अंगणात विहीर बांधायची.

दरबारने पडक्या तटाचा ढिगारा विकायला काढला. चुना कालवण्यापासून ठेकेदारीपर्यंत मी घासाघिशीवरच चढलो होतो. कारकुनाला म्हणालो, "भिया, निम्म्या दगडांवर अक्षरं खोदलेली. बिघडलेला माल, कोण घेणार?" त्याने भाव उतरवला.

विहीर झाली. काळी माती सरकू नये म्हणून आतून त्याच दगडांचे बांधकाम केले. पहिली घागर बायकोने देवापुढे ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात दरबारने जुने लेख जमवायला शास्त्री नेमला. तोच कारकून त्याला घेऊन दारात आला. "अक्षरांचा माल यांनीच उचलला!"

शास्त्री म्हणाला, "लेख राज्याचे आहेत. दगड काढावे लागतील."

"कोणत्या राज्याचे? ज्याने कोरले ते तर बुडाले! मी ते दरबारकडूनच विकत घेतलेत."

"तुम्ही दगड घेतलेत, अक्षरं नव्हेत."

"मग अक्षरं खरवडून न्या!" मी त्याचे उपरणे धरले. शिपायांनी मला मागे ओढले. मग आवाज उतरवून म्हणालो, "शास्त्रीबुवा, दगडाला दगड द्या. साधा चालेल. एक काढा, एक बसवा."

"पावसाळा झाला की बघू."

"पावसाळ्यानंतर विहीर राहील का?"

नाही राहिली. शिपायांनी दगड काढून नेले आणि पहिल्याच मोठ्या पावसात माती खचून विहीर बुजली. दगड दरबारच्या आवारात पडून होते. मी जाऊन विचारी, काय लिहिलंय? शास्त्री म्हणे, "मधले तुकडे मिळत नाहीत, अर्थ लागत नाही."

बायकोला पुन्हा दिवस गेले. तळ्यावर जायचे नाही, पाणी मी आणीन, अशी मी तिला शपथ घातली. ती हो म्हणाली. पण कामावरून परतलो की रांजण माझ्या खेपांपेक्षा जास्त भरलेला असे, आणि ती भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेली.