हिरव्या रंगाचा खुंट

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आय म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नव्हे. बोंबील टांगायला बसवलं की चार बोंबील वाळवणाच्या वलांडीच्या बांबूवर अडकवायचे आणि पाचव्याला उठून समुद्राकडे बघत उभं राहायचं, ही माझी रीत. "काय बघतेस? नवरा येतोय का होडीतून?" असं ती लांबूनच ओरडायची. मग मी बसायची, आणि परत उठायची.

मी तेव्हा नववीत होते. डहाणूच्या आमच्या मच्छीमार पाड्यात सातवीच्या पुढे गेलेली मुलगी मी एकटीच, आणि आयला ते सलत होतं. सुकी मासळी घेऊन ती गंजाडच्या बाजारला जायची. तिची मान दुखायला लागली होती आणि घरात धडधाकट मुलगी पुस्तकं घेऊन बसली होती. दिवाळी झाली की शाळा बंद आणि डोक्यावर टोपली, असं तिनं ठरवून टाकलं होतं. बा जाळं विणत बसायचा. ना हो म्हणायचा, ना नाही.

अशात सायन्सच्या सरांनी वर्गात ठाण्याच्या विज्ञान प्रदर्शनाची गोष्ट काढली. सर घाटावरचे, समुद्र त्यांनी नोकरी लागल्यावर पाहिलेला. ते म्हणाले, "विजेची घंटा नको. ती सगळेच करतात. तुमच्या घरातलं काहीतरी आणा." मग त्यांनी नकाशावर पॅसिफिकमधले हवाई बेटांचे ठिपके दाखवले. तिथली माणसं चंद्र बघून मासेमारीचा दिवस ठरवतात म्हणे. "तुमच्याकडे काय आहे?" पोरं वह्यांत डोकं घालून बसली. माझं तोंड कधी गप्प राहिलंय? मी उठून म्हटलं, "सर, आमच्यात तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला." सरांनी ते फळ्यावर लिहून घेतलं. म्हणाले, "वेळ कळली. पण पाणी चढतं किती? अष्टमीला किती, अमावस्येला किती?" ते मात्र आमच्यात कुणी कधी मोजलं नव्हतं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी थोडं आणि अमावस्या-पुनवेच्या उधाणाला फार, एवढ्यावर आमचं भागत होतं.

खाडीत पट्टे ओढलेला बांबू रोवून ते मोजायचं आणि ठाण्याला मांडायचं, असं सरांचं नि माझं ठरलं. घरी सांगितलं तर आय म्हणाली, "ते ठाण्याचं होऊ दे एकदाचं. तिथं मांडलंस तर बघू पुढच्या वर्गाचं. नाही मांडलंस तर मुकाट्यानं टोपली उचलायची." मी तिथल्या तिथे कबूल झाले. म्हणजे माझी शाळा आता एका बांबूवर येऊन ठेपली. अष्टमीपासून अमावस्येपर्यंत तो पाण्यात उभा राहायला हवा होता, बस्स.

सुट्टीच्या दुपारी ओहोटी बघून सर आणि मी खाडीच्या तोंडाशी गेलो. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलात, आणि दर पावलाला "अरे बापरे!" बांबू रोवला, बुडाशी दगड ठासले. बांबूच्या अंगावर मी आधीच चुन्याचे पट्टे ओढले होते. होड्यांना लांबून दिसावा म्हणून शेंड्याला काहीतरी भडक हवं होतं, तर घरात बाच्या होडीचा उरलेला हिरवा रंग होता. तोच फासला. काय झोकात दिसत होता!

आता आमच्या समुद्राचा कायदा असा, की जाळी बांधायचे खुंट ज्यानं रोवले, जागा त्याची. बापाची जागा पोराला, पोराची नातवाला. खुंटाच्या शेंड्याला त्या त्या घरच्या होडीचा रंग. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण खुंट म्हणजे भर समुद्रात गडीमाणसांनी ठोकलेला अख्खा सोट, असं माझ्या डोक्यात. माझा बिचारा बांबू कुठे खुंट व्हायला बसलाय!

तर झाला. विहिरीवर बायका विचारायला लागल्या, "तुझ्या बापानं खाडीत जागा धरली म्हणे?" संध्याकाळी चुलतकाका दारात. खाडीच्या तोंडाशी त्याचं छोटं जाळं असायचं. "दादा, सख्ख्या भावासारखा तू, आणि माझ्या पोटावर पाय देतोस?" बा म्हणाला, "खुंट माझा नाही." काका म्हणाला, "रंग कुणाच्या बापाचा मग?" बानं माझ्याकडे बघितलं. मी काय ते भराभरा सांगितलं, पण काकाच्या कानात एक अक्षर शिरेल तर शपथ. त्यानं पंच बसवले.

पंच रविवारी बसायचे होते. तोवर माझा जीव टांगणीला. वर्गात बूड टेकत नव्हतं. मधल्या सुट्टीत मी खाडीपर्यंत पळत जायची, बांबू दिसला की तशीच धापा टाकत परत. भरती आली तरी बघायला जा, ओहोटी आली तरी जा. जेवतानाही कान खाडीकडे. आय म्हणाली, "एवढी नवऱ्यासाठी तळमळशील तर सोनं होईल." मला तिचा असा राग आला की पुढ्यातलं ताट तसंच सोडून उठले.

रविवारी सुरूच्या झाडांखाली पुरुष पुढे बसले, बायका मागे. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांनी चंद्र, पृथ्वी, ओढ, सगळं हात हलवून समजावलं. म्होरके पंच पान चघळत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मास्तर, समदं खरं. पण खुंट कुणाचा, ते बोला."

मी उठले. "माझा."

आणि जी हसाहस झाली! पंचांना तर ठसका लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "अगं पोरी, बायकांच्या नावावर कधी खुंट असतो का? तुझा आहे ना? मग तो खुंटच नव्हे. नुसता बांबू. राहू दे उभा." काकाही हसला. त्यानं बाच्या पाठीवर थाप मारली, तंटा मिटला. बायकाही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

सर मला म्हणाले, "जिंकलो की आपण!" माझ्या अंगाची लाहीलाही होत होती. बाचा असता तर उपटला असता, माझा निघाला म्हणून ठेवला. भीक घातल्यासारखा. "उपटून टाका तो," मी म्हटलं, आणि सरांना काही कळायच्या आत घरी निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आय टोपली भरत होती. मी शाळेचे कपडे घातले नाहीत. डोक्यावर ठेवायची चुंबळ उचलली आणि म्हटलं, "चल, गंजाडला. मला नाही जायचं ठाण्याला."

तिनं चुंबळ माझ्या हातातून हिसकावली. मला वाटलं आता बोलणी खायची. ती टोपलीवर फडकं बांधत राहिली. मग म्हणाली, "या घरात आल्यापासून त्या होडीचं म्हावरं मी वाळवते, मी विकते. जाळ्याचं सूतसुद्धा माझ्या टोपलीतून येतं. आणि काल सगळे हसले, तेव्हा मीपण हसले." फडक्याची गाठ तिला बसेना. "सवयीनं हसले गं. जा तू शाळेत."

टोपली तिनं एकटीनंच डोक्यावर घेतली. मान दुखत होती तरी.

बांबू सरांनी उपटला नव्हताच. अमावस्येच्या दुपारी मी काठावर उभी होते. पाणी एकेक पांढरा पट्टा गिळत वर चढत होतं, आणि मी या पायावरून त्या पायावर. आय बाजारातून परतली ती रिकामी टोपली घेऊन थेट खाडीवरच. पाणी हिरव्याला लागलं तेव्हा काकाची होडी आत येत होती. तो लांबून ओरडला, "काय गं, बांबू बुडाला का तुझा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आय गुडघाभर पाण्यात उतरली. पंचांनाही पाड्यात ऐकू जावं अशा, बाजारात बोंबील विकायच्या आवाजात ती म्हणाली, "बांबू कुणाला म्हणतोस? खुंट म्हण. माझ्या पोरीचा खुंट आहे तो!"