पेरणाऱ्याचा दाखला आणि बाबांची तूर

मी आयुष्यात एकदाच चर्चमध्ये उपदेश केला. पुन्हा कुणी बोलावलं नाही.

मारेगावजवळच्या आमच्या छोट्या मंडळीचे पाळकसाहेब परगावी गेले होते आणि त्या रविवारचा उपदेश त्यांनी माझ्यावर सोपवला. (मी शाळामास्तर, बोलायची संधी सोडतो होय!) मी येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला निवडला, तो बाबांसाठी. त्या गोष्टीत बी म्हणजे देवाचं वचन आणि जमीन म्हणजे माणसांची मनं. बाबा हाडाचे शेतकरी. दर रविवारी मागच्या बाकावर येऊन बसत, पण या दाखल्यापाशी त्यांचं घोडं कायम अडायचं.

"रस्त्यावर, गोट्यावर, काट्यात बी फेकते, हा कायचा शेतकरी?" ते म्हणत. "आधी जमीन पाहाव का नाही?"

निदान त्या दिवशी तरी त्यांना तो समजावा, अशी माझी मनापासून इच्छा होती. म्हणून मी प्रात्यक्षिक करायचं ठरवलं आणि घरातून तुरीचा एक डबा उचलला.

"काही बी वाटेवर पडलं!" मूठभर तूर मधल्या वाटेवर. "काही खडकावर!" मूठभर पायऱ्यांवर. "काही काट्यांत!" मूठभर पेटी वाजवणाऱ्या बाईंच्या अंगावर. भरात येऊन मी अख्खा डबा रिकामा केला!

तेवढ्यात बाबा उठले, पुढे आले आणि मधल्या वाटेवर चक्क गुडघ्यांवर बसले. डोळ्यांत पाणी! मी दोन्ही हात वर करून ओरडलो,

"बघा, वचन रुजलं! सर्वांनी गुडघे टेका!"

सगळी मंडळी खाली बसली.

"अरे, सरका बाजूले! दाणे तुडवू नोका!" बाबा ओरडले. "पेरणीचं बियानं आहे माह्यं! घरचं, निवडून ठेवलेलं!"

मग प्रार्थनेऐवजी वेचणी झाली. अर्धा तास! बाबा एकेक दाणा फुंकून डब्यात टाकत होते. मी मान खाली घालून त्यांच्या शेजारी वेचत होतो.

"बाबा, चुकलंच माह्यं."

त्यांनी आणखी एक दाणा फुंकून डब्यात टाकला. मग हळूच म्हणाले, "मले वाटे, त्या पेरणाऱ्याले बियाची किंमतच नसन, म्हून फेकते. आज माह्यं बियानं सांडलं, तवा समजलं. किंमत ठाऊक असूनबी फेकते तो. कोणाच्या मनात रुजन, हे आधी कोणाले ठाऊक? म्हून कोणालेच सोडत नाही."

मला भरून आलं. आठवडाभर तयारी करून मला हा अर्थ सापडला नव्हता.

"पण बाबा, डबा पेरणीचा आहे, हे मले सांगाचं तं!"

"सकाळी तीनदा सांगतलं न लेका! तू हो हो म्हणे."

खरं होतं. तेव्हा मी आरशासमोर उभा राहून, माणसानं कान देऊन कसं ऐकावं, यावरचा भाग मोठ्यानं पाठ करत होतो!